पाठीवरची बटणं

"भिंतीला पाठ लाव आणि तशीच उभी राहा. साहेब जाईपर्यंत हलायचं नाही."

वर्गशिक्षिका बाईंनी हे सगळ्या वर्गासमोर सांगितलं. मी दहा वर्षांची. लावली पाठ. भिंतीचा गार चुना पोलक्याच्या फाटक्या जागेतून अंगाला लागत होता, कारण वरचा झगा मागून उघडा होता.

झग्याचं सांगते. धुळ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत बाईंनी कुठल्याशा मासिकात फ्रान्समधल्या शाळकरी पोरांचं चित्र पाहिलं. सगळी एकसारख्या झग्यात. आतले कपडे झाकलेले. शेटजीचं पोर कोणतं नि हमालाचं कोणतं, कळायची सोय नाही. बाई हरखल्या. स्वराज्य आलंय, आपल्याही मुली सारख्या दिसू देत, म्हणाल्या. शाळेनेच निळे झगे शिवून वाटले. चित्रातल्यासारखी बटणं पाठीवर. तिथे आपला हात पोचत नाही. म्हणून प्रार्थनेआधी रांग लावायची आणि प्रत्येकीने आपल्या पुढचीची बटणं लावायची.

मी महारवाड्यातली. वर्गात एकटीच. "आपल्या शाळेत शिवाशिव नाही," असं बाई येईल-जाईल त्याला सांगत. रांगेत मात्र मला शेवटी उभं केलं. माझ्या मागे कोणीच नाही. पुढे दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याची सुमन. ती घरूनच बटणं लावून यायची, म्हणजे माझा हात लागायला नको. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, दुसरं काय!

तो झगा मला फार आवडला होता. नव्या कापडाचा वास घेत बसायचे मी. पण घरची सगळी पहाटेच कामाला जात, बटणं लावायला कोणी नसे. शाळेत तो दोन्ही बाजूंनी फडफडायचा आणि आतलं पोलकं दिसायचं, मायच्या जुन्या लुगड्याचं, ठिगळं लावलेलं. मुली तोंडावर हात धरून हसायच्या. कोणी मारलं नाही. शिवी दिली नाही. नुसता हात लावला नाही. मधल्या सुट्टीत मी निंबाच्या झाडाशी बोलायचे, इतकी एकटी होते.

तर त्या दिवशी तपासणीचे साहेब आले. बाई म्हणाल्या, "बघा, कोण कोणाची मुलगी, ओळखू येतं का?"

साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. माझ्यावरून त्यांची नजर सरकून गेली. मी भिंतीला टेकून होते.

घरी येऊन रडले. माय भाकरी थापत होती.

"कसाले रडी ऱ्हायनी?"

सांगितलं सगळं. तव्यावरची भाकर करपली. मग माय म्हणाली, "लोकेसना हात कसाले जोयजेत तुले? तुना हात सडेल शेतस का?"

खरंच, माझे हात काही सडले नव्हते; लोकांचे कशाला हवेत? दुसऱ्या दिवशी झगा पुढचा मागे केला. बटणं छातीवर आली. पाचही मीच लावली. रांगेत शेवटी गेले नाही, मधे घुसले. मुली दोन्हीकडे सरकल्या.

"हा काय अवतार? सरळ घाल आधी!" बाई ओरडल्या.

"घालते. तुम्ही बटणं लावा."

बाईंचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. त्यांनी लावली असती तर तिथल्या तिथे पाया पडले असते मी. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "चला, प्रार्थना."

त्यानंतर वर्षभर वर्गात कोणी माझ्याशी बोललं नाही. बाईंनी माझ्या बापाला दोनदा बोलावून पोरीला समज द्या म्हटलं. बापाने ऐकून घेतलं, मला काही म्हटलं नाही. सातवीपर्यंत झगा तसाच घातला, शाळा सोडली नाही. एकटेपण काही कमी झालं नाही. ते आजही आहे.

पण कोणी समतेच्या गप्पा मारू लागलं की मी हात पुढे करते. धरा, म्हणते. धरला नाही, तर तोंडावर खोटारडा म्हणते, मग तो कितीही मोठा असो. माझ्याकडे बघून ज्यांना शरम वाटते त्यांनी खुशाल तोंड फिरवावं. मी जागची हलणार नाही.