आप्पांचा दुसरा घास

आता तुम्ही आग्रहच करताय म्हणून सांगतो. माझ्या हातून इतक्या फजित्या झाल्या आहेत, की ही त्यांतली सगळ्यांत मोठी की नाही, याचीही मला खात्री नाही. चहा घ्या आणि तुम्हीच ठरवा.

लढाईची वर्षं होती. मी बेळगावात मास्तर; एम.ए., बी.टी. शेजारच्या वकिलांकडे त्यांचे सदलग्याचे मामा आले होते. आप्पा. तंबाखूचे मोठे शेतकरी, जैन. त्यांना पिरनवाडीपलीकडच्या सरकारी रानातला डोंगर बघायचा होता. वकिलांना ऐन वेळी ताप आला आणि आप्पा माझ्या वाट्याला आले.

निघतानाच ते म्हणाले, "मास्तर, आज आमची चौदस. एकदाच जेवायचं, एका बैठकीत. उठलं की संपलं. आन् दीस बुडाला की पानीसुदीक न्हाय."

झालं! माझा जीव तिथंच अर्धा झाला. माझ्यामुळे या माणसाचा नेम मोडला तर?

दिवसभर आम्ही डोंगराच्या धारेवरून चाललो. दोन्ही बाजूंना दऱ्या. काय देखावा असेल म्हणता! मी पाहिला नाही. मी सूर्य बघत होतो.

दुपारी मी माझा डबा संपवला. आप्पा म्हणाले, "मी उतरताना झऱ्यावर बसतो. तेवढंच रातीला पोटात ऱ्हातंय."

झरा धारेच्या पूर्वेला, खाली घळीत. आप्पांनी फडक्यातून पाणी गाळलं, मांडी घातली, डबा उघडला. शेंगांच्या पोळ्या, वर तूप!

"दिसाकडं ध्यान ठेवा हं, मास्तर."

पहिला घास पोटात गेला. मी वर पाहिलं. सूर्य नाही! सगळ्या उतारावर सावली.

"आप्पा, थांबा! मावळला!"

दुसरा घास तोंडाशीच राहिला. "इतक्यात? उजेड लई दिसतोय की."

"तो संधिप्रकाश," मी म्हणालो, आणि हवेतल्या धूलिकणांमुळे तो कसा रेंगाळतो, हे सविस्तर समजावलं. का समजावलं? तेवढ्या वेळात त्यांच्या दोन पोळ्या झाल्या असत्या!

"शिकल्याला मानूस सांगतोय म्हंजे खरंच की," म्हणत आप्पा उठले. "तुम्ही खावा. तुम्हाला कुठला नेम?"

मी नको नको म्हटलं. मग अन्न वाया जाऊ नये म्हणून सगळ्या पोळ्या खाल्ल्या.

परतीची वाट पुन्हा धारेवरूनच होती. चढून वर आलो, आणि समोर सूर्य! चांगला दोन कासरे वर, लख्ख.

आप्पांनी कपाळाशी हात धरून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ह्यो कोन?"

"सूर्य असावा," मी म्हणालो.

"असावा?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण उतार लागल्यावर एवढंच म्हणाले, "जपून उतरा. तुमचं पोट जड हाय."

पायथ्याशी आलो तरी ऊन अंगावर होतं. शेवटी आप्पांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "शाळंत पोरास्नी काय शिकवता वो तुम्ही?"

संस्कृत म्हणावं, असं फार वाटलं. पण खोटं बोलणंही मला धड जमत नाही.

"भूगोल."