नवरदेवाच्या पुढची सीट

सुमनकाकू गेल्याचा फोन चौसाळ्याहून सकाळीच आला. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात पाटोद्याच्या एका गृहस्थांचा फोन. मुलाचं लग्न ठरलं होतं, काकूची गाडी हवी होती; गाडीच्या तारखा मीच ठरवत असे. काकू आजच वारली म्हटल्यावर ते हळूच म्हणाले, "अरेरे... मग आता गाडी कोण आणणार?" मला राग आला नाही. काकूलाही हाच प्रश्न आवडला असता.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. पांढरी, ओसरीएवढं बॉनेट, मागं सोफ्यासारखी सीट. आमच्याकडं ती आधी पुढाऱ्यांची गाडी होती. धूळ दिसली की लोक हात जोडत, आत कोण आहे ते मग बघत. काकांनी ती जुनी घेतली आणि स्वतःचे डोळे अधू म्हणून काकूला चालवायला शिकवलं. काका गेले. पुढं कंपनीनं कॉन्टेसा बनवणंच थांबवलं. दीर म्हणाले, भंगारात घाला. काकूनं उलट एक बंद पडलेली कॉन्टेसा ओढून आणली आणि गोठ्यामागं उभी केली. हिला जे लागेल ते तिच्यातून काढायचं. काही वर्षांनी आसपास चालती कॉन्टेसा तेवढी एकच उरली, आणि नवरदेवांना नेमकी तीच हवी झाली.

पण विधवा बाईनं नवरदेवाची गाडी चालवायची? पहिल्याच लग्नात वरबाप स्वतःचा ड्रायव्हर घेऊन आला. काकू स्टेअरिंगवरून उठली नाही. "गाडी हाय तर मीबी हाय. मला सोडून ती मिळत न्हाई." नवरदेवाची आजी पुटपुटत राहिली. शेवटी नवरदेवच मागं जाऊन बसला. "काकू, काढा गाडी. मुहूर्त चाललाय."

त्या दिवशी कुंकू लागलं ते बॉनेटला. पुढंही कितीतरी वर्षं तसंच... नारळ चाकापुढं, कुंकू बॉनेटला, काकू आत सरळ समोर बघत. त्या जोडप्यांचे संसार नीट चालले, पोरंबाळं झाली, तशी कुजबुज विरली. लोक विचारू लागले, काकू स्वतः येणार ना? मग एका लग्नात वराच्या आईनं ताट खिडकीशी आणलं आणि अख्ख्या वरातीसमोर काकूच्या कपाळाला कुंकू लावलं. काकू म्हणाली, "बरं. आता सरका, गाडी काढायची हाय."

पाटोद्याचं ते लग्न गेल्या आठवड्यात झालं. गाडी मी नेली. माझंही कपाळ तीन वर्षांपासून मोकळंच. वराच्या आईनं बॉनेटला कुंकू लावलं आणि काही न विचारता खिडकीतून हात घालून मलाही लावलं. जणू या गाडीचा तसा रिवाजच असावा... आणि आता तो आहेच.

काकू बुटकी होती. बॉनेटपलीकडचा रस्ता दिसावा म्हणून तिनं सीटवर स्वतः शिवलेली जाड उशी ठेवली होती. मी तिच्याहून चांगली वीतभर उंच. खड्डा आला की डोकं छताला आपटतं. उशी मी काढलेली नाही.