झाडणी तारा

ठमाबाईने तो व्हिडिओ चौथ्यांदा बघितला, आणि चौथ्यांदाही केसर त्यात खोटंच बोलली.

उरणजवळच्या गावात या दोघी सख्ख्या जावा, घरं भिंतीला भिंत लावून. केसरची मुलगी कल्पिता कंटेनर यार्डात नोकरीला होती आणि मोबाइलवर गावाकडचे व्हिडिओ टाकायची. धूमकेतू आलाय, जगभरातली माणसं त्याचे फोटो टाकताहेत, हे बघून तिने आईला ओट्यावर बसवून बोलतं केलं.

"सत्त्याण्णव साली असाच आलता," केसर हातवारे करून सांगत होती. "मिठागराच्या बांधावरून मी रोज बघायची. झाडणी तारा म्हणायचो आम्ही."

खाली बारा हजार लाइक. 'काकी, भारीच!'

ठमाबाईच्या अंगाची लाही झाली. तेव्हा केसर नुकती लग्न होऊन आली होती. शेपटीच्या ताऱ्याकडे बघितलं तर घरात वाईट होतं, म्हणून दिवस मावळला की दार लावून बसायची. मिठाच्या पाट्या वाहून मान अवघडलेली असताना बांधावर उभी राहायची ती ठमाबाई. केरसुणी उभी धरावी तशी झाडणी दिसते म्हणाली तीही ठमाबाईच. आणि त्यावर तोंडाला पदर लावून हसली होती ती ही केसर!

टीव्ही आधी केसरकडे आला, गॅस आधी तिच्याकडे, स्लॅबचं घर आधी तिचं. ठमाबाईने कधी तोंड वाकडं केलं नाही. पण तो तारा तिचा एकटीचा होता.

दुसऱ्या दिवशी कल्पिताने लाइव्ह करायचं ठरवलं. मिठागर भराव टाकून बुजवलेलं, पश्चिमेचा बांध तेवढा शिल्लक होता. कोणी बोलावलं नसताना ठमाबाईही चपला घालून मागोमाग निघाली.

"ठमाबाय, तू पन येतेस? गुडघं दुखतात ना तुजं?" केसरने विचारलं.

"बघायला डोलं लागतात, गुडघं न्हाय."

सूर्य बुडाला. लाली उतरली तशी समुद्राच्या अंगाला एक ठळक चांदणी चमकली. कल्पिताने मोबाइल रोखला. केसरने बोट केलं, "तो बघा! शेपटी पन दिसते!"

"अगं, ती शुक्राची चांदणी हाय," ठमाबाई मागून ओरडली. "रोजच असते ती!"

कल्पिताने मोबाइल तिच्याकडे वळवला. "मग धूमकेतू कुठंय, मोठी आई?"

ठमाबाईला तो केव्हाच सापडला होता. चांदणीच्या उजवीकडे, चार बोटं वर, पुसट, शेपटी आभाळाकडे. तिने हात करून दाखवलं. कल्पिताने तिकडे मोबाइल धरला, पण पडद्यावर नुसतं भुरकट आभाळ. बंदराच्या दिव्यांनी उजळलेल्या आभाळात तेवढं बारीक मोबाइलला दिसेना. खाली लोकांनी लिहिलं, 'तिथे काहीच नाही.' 'पहिल्या काकींनी दाखवला तोच.' एकाने विचारलं, 'या आजी कोण?'

दोघींत तीन वर्षांचं अंतर. ती काकी आणि ही आजी!

चार्जिंग संपलं तशी कल्पिता स्कूटीकडे गेली. बांधावर दोघीच राहिल्या. केसर जवळ सरकली, आवाज खाली आणून म्हणाली, "ठमाबाय, खरं सांग. कुठं हाय गो तो? तवा भ्यायली, बघितलाच न्हाय मी. आता तरी बघू दे. परत कदी येनार?"

ठमाबाईने वर बघितलं. तो तिथेच होता. उलट अंधार वाढला तसा जरा ठळकच झाला होता. केसरची हनुवटी धरून एवढीशी वळवली असती की झालं असतं.

"मावळला," ती म्हणाली.

"एवढ्यात?"

"व्हय. चल, डास चावतात."

केसर हिरमुसून बांध उतरू लागली. ठमाबाई तिच्या मागे चालत होती. केसरने एकदा मागे वळून बघायला मान फिरवली, तेव्हा ठमाबाईने घाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"खाली बघ, केसर. पाय घसरंल."