भेट द्यायची म्हणजे

मला भेटायला मिळावं म्हणून माझ्या आप्पांनी जवळजवळ वर्षभर फणस, कंद, कोकमं आणि एकदा चक्क जिवंत कोंबडा भरला, हे मी आता हसत सांगते. तेव्हा आमच्या घरात कुणाला हसू आलं नव्हतं.

आई-आप्पांचं फाटलं तेव्हा मी दुसरीत होते. आप्पांचं घर आणि भातशेती जोयड्याच्या डोंगरात, बस सोडल्यावर रानातून बरंच आत. आई रामनगरच्या बाजारात वाढलेली. तिला डोंगर सोसला नाही, त्यांना तो सोडवला नाही. दोघंही हट्टी, आणि मी त्या दोघांची मुलगी, म्हणजे बघा. आई मला घेऊन मामाच्या घरी आली आणि पिठाच्या गिरणीवर कामाला लागली. प्रकरण कोर्टात गेलं. मी आईकडं राहायचं आणि आप्पांनी एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी येऊन मला भेटायचं, असा निकाल झाला.

निकाल इंग्रजीत होता. तिथल्या कारकुनानं तो आप्पांना कन्नडमध्ये सांगितला, ‘भेटी कोडबेकु.’ कन्नड आमच्याकडं सगळ्यांनाच येतं, पण ते बाजारातलं आणि बसमधलं. कोर्टातलं कन्नड कडक इस्त्रीचं. ‘कोडू’ म्हणजे देणं, पण ‘भेटी कोडू’ म्हणजे साधं येऊन भेटून जाणं. आप्पांनी त्याचं सरळ घरचं मराठी केलं: भेट द्यायला पाहिजे, म्हणजे काहीतरी वस्तू द्यायला पाहिजे. उळवीच्या जत्रेत कुणी देवापुढं रिकाम्या हातानं उभं राहत नाही, तसंच कोर्टाचंही असणार. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर पडले.

पहिल्या रविवारी ते खांद्यावर फणस घेऊन आले. ओसरीवर ठेवून मामाला म्हणाले, “ह्यो घ्या. कोर्टाचा.”

मामाला वाटलं टोमणा मारला. तो उठून आत गेला. आप्पांनी मला “शाळंला जातीस न्हवं?” विचारलं, थोडा वेळ माझ्याकडं बघत बसले आणि परतीच्या बसला निघून गेले. पुढं दर वेळी तसंच. वस्तू पोचली, पोर दिसली, काम झालं. त्याहून जास्त बसायची मुभा आपल्याला नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मामा म्हणायचा, “फणसं टाकून बायको परत न्यायचा बेत हाय.” आईलाही तेच वाटायचं. ते आले की ती चुलीपुढून हलायची नाही. पण कंद मात्र निखाऱ्यात भाजून मीठ लावून खायची. राग माणसावर, कंदावर कशाला, हे तिचं म्हणणं.

मग पुढल्या वर्षीचा पावसाळा लागला आणि आप्पा येईनासे झाले. एक रविवार गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही. मी पायरीवर बसून बसचा आवाज ऐकायची. पाढे पाठ नाहीत म्हणून आप्पा रुसले असतील असं मला वाटायचं, म्हणून पायरीवर बसल्या बसल्या पाढे घोकायची. मामाची कळी खुलली होती. वकिलानं त्याला सांगितलं होतं, बाप असाच येईनासा झाला तर अर्ज घालून हे बंद करून घेता येईल. अर्ज म्हणजे काय ते मला कळलं नाही, बंद म्हणजे काय ते कळलं.

थोड्या दिवसांनी आप्पांच्या गावची एक बाई दळण घेऊन गिरणीवर आली. आईला म्हणाली, “तुज्या मालकाचं समदं कंद डुकरांनी उकरलं बघ. भेट द्याला काय न्हाई, आता पोरीला कोण दावनार, म्हणत बसलाय.”

आईनं ते तिला पुन्हा सांगायला लावलं. मग पिठानं माखलेली तशीच घरी आली आणि हसत सुटली, हसता हसता रडायला लागली. मामाला सगळं सांगितलं. मामा म्हणाला, “गप ऱ्हा की अक्का. आपसूक सुटतंय तर सुटू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला घेऊन बस धरली. जो डोंगर तिला नको झाला होता त्यातून, पायाच्या जळवा काढत, ती माझा हात धरून चालली. आप्पा शेतात गुडघाभर चिखलात लावणी करत होते. आई बांधावर उभी राहिली.

“भेट द्यायची म्हंजे फणस द्यायचा न्हाई,” ती म्हणाली. “तुमी यायचं, पोरीला भेटायचं. तेवढंच हाय कागदात.”

आप्पा हातात रोपांची जुडी घेऊन तसेच उभे. “मग रिकामंच यायचं?”

“व्हय.”

“कोर्टाला चालतंय?”

“कोर्टाला चालतंय. मला बी चालतंय.”

आईनं त्यांना माफ केलं नव्हतं, पुढंही केलं नाही. दोघं पुन्हा कधी एका घरात राहिले नाहीत. ती नुसती गप्प बसली असती तरी पुरे होतं, मामानं सांगितलं तसं. कुणी तिला बोल लावला नसता, कायदासुद्धा तिच्याच बाजूनं झाला असता. आणि मी बापाशिवाय वाढले असते. ती गप्प बसली नाही, याचे उपकार माझ्यानं या जन्मी फिटायचे नाहीत.

पुढच्या रविवारी आप्पा आले. धुतलेला सदरा, केसांना तेल, आणि हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. मामा ओसरीवरच बसला होता. त्यानं खवचटपणे विचारलं, “काय दाजी, आज काय आणलासा?”

आई पिठाच्या हातानं दारात आली.

“आज ते आल्यात,” ती म्हणाली. “आनि सांजच्या बसपातुर हितंच हाईत.”