फलक नव्हता, टोपली होती

मित्रहो, आज माझ्या इस्त्रीच्या शर्टावर अर्धा कप चहा सांडला. राष्ट्रीय दुखवटा जाहीर व्हायला हरकत नाही.

कारण किरकोळ. चारोटीहून डहाणूला येताना बाजाराजवळ खोदून ठेवलेल्या चरात माझी गाडी शिरली. एक्सल तुटला, मी वाचलो.

भरपाईचा अर्ज घेऊन नगरपरिषदेच्या कचेरीत, रस्ते विभागात गेलो. साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवला. चराच्या काठावर उपडी टोपली, तिला लाल फडकं.

"आम्ही धोक्याची खूण ठेवली होती. चूक तुमची."

मला गाडीतून बाहेर काढणाऱ्या, आगर गावच्या मासळीवाल्या मंजुळाबाई सोबत होत्या. त्या उसळल्या, "खूण तुमची? टोपली माझी, फडकं माझ्या लुगड्याचं! माणसं पडतात म्हणून मीच ठेवली. काल डंपरनं चिरडली, तेव्हा कुठे होता तुम्ही?"

"मावशी, बाजारात बसायची परवानगी आम्हीच देतो, लक्षात आहे ना?"

"आहे. कागद आणा, सही करते."

साक्ष नोंदली गेली. भरपाईचं देव जाणे. पण अनोळखी माणसासाठी पोटावर पाय येऊ देऊन तुम्ही सही केली असती? मी बहुधा नसती केली.

संध्याकाळी बाजारात गेलो. मंजुळाबाई गिऱ्हाइकाशी भांडत होत्या. नवी टोपली हळूच त्यांच्या मागे ठेवली आणि निघालो.