कृष्णस्वामी सरांनी दोर ओढला तेव्हा

चारुलताच्या हातात लेप होते आणि डोक्यात खोड्या. एकदा तिने आपले वरिष्ठ कृष्णस्वामी सर यांच्या छत्रीच्या मुठीला नवा निसरडा लेप लावला होता. दिवसभर छत्री त्यांच्या हातून सुटत राहिली. तरी २००४ साली, हिमालयातल्या अँटेनांवर बर्फ साचू नये म्हणून लेप बनवायचं काम आलं, तेव्हा सरांनी ते तिलाच दिलं. चेन्नईतल्या त्यांच्या रंगाच्या कंपनीत तिच्याइतकी चिवट रसायनतज्ज्ञ दुसरी नव्हती.

पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं.

"लेप काचेसारखा कडक हवा," सर म्हणाले.

"कडकाला बर्फ घट्ट धरतो, सर. खालचं मऊ असलं, ओढल्यावर जरा हललं, की कडेपासून त्याची पकड सुटत जाते."

"रबर लावून अँटेना उभ्या करणार?"

"हो. सिलिकॉनचं रबर, त्यात थोडं तेल."

सर हसले. चारुलताही हसली, तिचं हसणं जास्त धोक्याचं होतं.

चाचणीच्या आठवड्यात प्रयोगशाळेतली शीतपेटी बंद पडली. चारुलताने सरळ चेन्नईजवळचं कोवलम हे कोळ्यांचं गाव गाठलं. तिथे तिच्या ओळखीच्या वेंकटचा मासळीसाठी बर्फ बनवायचा कारखाना होता. तिने दोन लहान डबे मागून घेतले. एकाला आतून सरांचा कडक लेप दिला, दुसऱ्याला आपला मऊ. दोन्हींत पाणी भरून, दोराचं एक टोक त्यात सोडून, ते गोठवले. मग सरांना बोलावलं.

सर पांढरी पँट घालून आले. पक्के शाकाहारी, नाकाला रुमाल. डबे जमिनीला पक्के बांधून आडवे ठेवले होते. पहिला दोर त्यांनी ओढला. हलेना. पाय रोवून ओढला. कपाळावर घाम, बर्फ जागच्या जागी.

"आता हा," चारुलता साळसूदपणे म्हणाली. "जोर लावा हं, सर."

सरांच्या मागे काय आहे ते तिला दिसत होतं. ती बोलली नाही.

सरांनी सगळी ताकद पणाला लावली. बर्फाची लादी सुळकन बाहेर आली आणि सर थेट बांगडा मासळीच्या टोपलीत बसले.

वेंकटने तोंड फिरवलं. त्याचे खांदे गदगदत होते. चारुलताने हात पुढे केला. "चिकटण्याचा जोर जवळजवळ शून्य, सर."

परतताना गाडीच्या चारी काचा उघड्या होत्या. गाडी शहराच्या दक्षिण टोकाला, तिरुवान्मियूरला पोचली. तेव्हा सर म्हणाले, "मऊच करू. पण टोपली तू हलवू शकली असतीस."

"असते, सर."

हिमालयातल्या पहिल्या हिवाळ्यात वाऱ्यासोबत उडालेल्या रेतीने लेप सोलून काढला. चारुलता आठवडाभर उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसली. जेवणाचा डबाही तसाच परत जाई. मग तिने लेपाखाली धातूला घट्ट धरणारा थर दिला आणि रबराची झीज कमी व्हावी म्हणून त्यात सिलिकाची बारीक पूड घातली. पुढच्या हिवाळ्यात अँटेनांच्या तळावरून फोन आला, तो सरांनीच घेतला. ऐकता ऐकता ते उठून उभे राहिले.

"वारा सुटला की बर्फ आपोआप गळून पडतो म्हणे!" त्यांनी दारातूनच ओरडून सांगितलं. चारुलताने चष्मा काढला, पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांसाठी कॉफी मागवली.