दारापासून लांबची खुर्ची

बुधवार, १९ फेब्रुवारी. सकाळी गारठा. गॅसचं सिलिंडर आलं. दहा वाजता वन्संबरोबर कॉलेजात गेले. त्यांनी राजीनामा दिला. घरी यायला दुपार टळली.

डायरीच्या त्या पानावर दुपारपर्यंतचं एवढंच आहे. बाकीचं आता लिहिते, कारण वन्संना ओळखणारी माणसं एकेक करून कमी होत चालली आहेत.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "चुकलं तर खोडता येत नाही, म्हणून ते गणित मांडलंच नाही." यजमान गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. त्यांचा आवाज असा की एका वर्गात शिकवलं तर पलीकडच्या दोन वर्गांना फुकट ऐकू जावं. मुलं त्यांना 'भोंगा' म्हणत आणि टरकूनही असत. त्यांना हे नाव ठाऊक होतं. "भोंगा वाजल्याशिवाय कारखाना सुरू होतो का, वहिनी?" असं मलाच विचारायच्या.

तोच आवाज गेला. घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि मागे उरली ती नुसती हवेसारखी कुजबुज. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलं तर कळायची. नळ सुरू असला की तीही नाही.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, तास आता झेपायचे नाहीत. तुम्ही वर्गाबाहेर मुलांना भेटा, त्यांच्या शंका सोडवा. तशीही तक्रार असते की आपले लोक तास संपला की सापडत नाहीत. सत्र संपेपर्यंत बघू. मुलं आली तर उत्तमच." न आली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. वन्संना ते सांगायची गरजही नव्हती. शिकवणं सोडलं तर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, भांडायला एक मी सोडून.

सूचनाफलकावर कागद लागला. वन्सं रोज दुपारी केस नीट करून, खडू पर्समध्ये टाकून स्टाफरूममध्ये जाऊन बसायच्या. संध्याकाळी मी विचारायची, "आलं का कुणी?"

त्या मान हलवायच्या. पुढे पुढे मी विचारणं सोडलं, तर एकदा स्वतःच म्हणाल्या, "भितात मला. इतकी वर्षं मीच भिववलंय. आता कुठल्या तोंडाने या म्हणू?"

एके दिवशी चष्मा घरीच विसरल्या, म्हणून मी तो घेऊन गेले. त्यांची स्टाफरूम मी तोवर पाहिलीच नव्हती. लांबलचक, अरुंद खोली. एका टोकाला दार, दोन्ही भिंतींना टेबलं, आणि पार दुसऱ्या टोकाला खिडकीजवळ सर्वांत ज्येष्ठ माणसाची जागा. ती वन्संची. वर पंखे घरघरत होते, कुणी फोनवर बोलत होतं, कुणी पेपर तपासता तपासता हसत होतं.

माझ्या पुढे दारात एक मुलगी उभी होती. छातीशी वही. तिथे विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता.

"मॅडम, येऊ का?"

सगळ्या माना वर झाल्या. खिडकीपाशी वन्संनीही वर पाहिलं. चष्मा नव्हता, त्यामुळे डोळे बारीक केलेले, कपाळाला आठ्या. त्यांचे ओठ हलले. "ये." मला दिसलं, कारण मी ते ओठ रोज वाचत होते. मुलीला काहीच ऐकू आलं नाही. ती क्षणभर थांबली, "सॉरी मॅडम," म्हणाली आणि वळली.

मी तिला जिन्यात गाठलं. "अगं, त्या ये म्हणाल्या की!"

"मला वाटलं रागावल्या." मग हळूच म्हणाली, "सगळ्यांना तसंच वाटतं. आमच्या वर्गातले बरेच जण दारातून परत गेलेत."

घरी आल्यावर हे सांगितलं. वन्संनी एवढंच विचारलं, "येत होती म्हणजे? येत होती मुलं?"

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची स्वतः ओढत बाहेर व्हरांड्यात आणली, पाण्याच्या फिल्टरपाशी. बाटल्या भरायला सगळं कॉलेज तिथे येतं. भौतिकशास्त्राचे सर जाता जाता म्हणाले, "काय मॅडम, रखवालदारीचा जादा पगार मिळतो वाटतं?"

"मिळतो. तुमच्यातून कापून."

ते ऐकायला सरांना वाकावं लागलं, आणि बाटली भरणारा उंच मुलगा फिस्सकन हसला. तोच पहिला थांबला. मग ती वहीवाली मुलगी आली. कुजबुज ऐकायची तर जवळ बसावं लागे, म्हणून मुलं जमिनीवर फतकल मारून बसू लागली. भोंग्याला जे कधी कुणी विचारलं नव्हतं, ते विचारू लागली. "मॅडम, मुळात हे शिकायचं कशाला?" यावर वन्सं घरी येऊन दोन दोन दिवस विचार करायच्या. इतकी खूश मी त्यांना कधी पाहिली नव्हती.

जानेवारीत गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले, आता स्वरयंत्रच काढावं लागेल.

म्हणून त्या बुधवारी आम्ही प्राचार्यांच्या खोलीत बसलो होतो. ते म्हणाले, "आत्ता कुठे मुलं यायला लागली. रजा घ्या, राजीनामा कशाला?"

वन्संनी टेबलावर पुढे वाकून सांगितलं, "उपचारांत वर्ष जाईल. कदाचित मीही. तिथे दुसरं कुणी बसवा. पण बाहेर बसवा."

"बघतो," ते म्हणाले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा शिपाई ती खुर्ची उचलून आत नेत होता. वन्सं ती आत जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मी त्यांचा दंड धरला.

जिन्यात तो उंच मुलगा भेटला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. "मॅडम, बरं झालं भेटलात! पाचच मिनिटं." वन्संनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरची पर्स माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसल्या. तो खालच्या पायरीवर. डोक्याला डोकं लावून दोघं वहीत वाकले. त्याला कळेना, त्या पुन्हा सांगत. ये-जा करणारी मुलं बाजूने वाट काढत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. चला म्हणावंसं वाटलं नाही.

त्या दिवसाच्या पानावर खाली, संध्याकाळी लिहिलेली आणखी एक ओळ आहे: दूध बाहेरच राहिलं होतं, नासलं. टाकून दिलं.